दहा-अकराचा पाना

आप्पांचा एखाद्या वस्तूवर विश्वास बसायचा असेल, तर आधी ती वस्तू खोलावी लागते. आत काय निघतं, ते चांगलं की वाईट, हा पुढचा प्रश्न. न खोलता विश्वास ठेवणं म्हणजे त्यांच्या मते मुलगी न बघता लग्नाची तारीख धरणं. घरातला मिक्सर, टेबलफॅन, इस्त्री, नातवाची चावीवरची मोटार, सगळं कधी ना कधी वर्तमानपत्रावर सुटं होऊन पडलेलं आहे. बहुतेक सगळं परत जोडलंही गेलेलं आहे. जोडल्यावर एखाददुसरा स्क्रू उरतो. अशा उरलेल्या स्क्रूंनी घरातला बिस्किटांचा एक मोठा डबा भरला आहे. "कंपनीवालं जास्तीचं घालत्यात," एवढंच त्यावर आप्पांचं स्पष्टीकरण.

मध्यंतरी डॉक्टरांनी त्यांच्या दंडाला रक्तदाबाचं डिजिटल यंत्र लावलं. आकडा बराच चढा आला. आप्पा म्हणाले, "ह्यात आत काय असतंय ते तुमास्नी ठावं हाय का?" डॉक्टर प्रामाणिक निघाले, म्हणाले नाही. मग कपाटातून जुनं पाऱ्याचं यंत्र निघालं. पारा डोळ्यांसमोर चढला, डोळ्यांसमोर उतरला आणि आप्पांचा रक्तदाबही त्याच्याबरोबर उतरला.

आप्पांच्या उमेदीची सगळी वर्षं कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवर गेली. सूत आणि थाऊ, म्हणजे इंचाचा हजारावा भाग, ही त्यांची मापं. भाजीवाल्याच्या काट्याकडे बघतानासुद्धा नजर थाऊच्या हिशेबानं जाते. आणि या खोलून बघण्याच्या खोडीत ते एकटे नाहीत, गावच तसं आहे. बाबूराव पेंटरांनी १९१८ च्या सुमारास सिनेमाचा कॅमेरा इथंच घडवला. म्हादबा मेस्त्रींचं नाव उद्यमनगरात अजून कान पकडून घेतात. विलायती मशीन गावात आलं की आधी ते सुटं करायचं, मग त्याचा साचा काढायचा, मग भट्टी पेटवायची आणि शेवटी मूळ कंपनीपेक्षा दोन पैसे कमी लावायचे, ही इथली इंजिनिअरिंगची पदवी. आप्पांकडे तीच आहे. खिशात सर्टिफिकेट म्हणून दहा-अकराचा पाना असतो. लग्नाला जातानाही असतो. एका लग्नात मांडवाचा पंखा बंद पडला तेव्हा वधूपित्याआधी लोकांनी आप्पांना शोधलं होतं.

आप्पांची गाडी १९६८ ची फियाट अकराशे डिलाइट. वालचंद हिराचंदांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सनं कुर्ल्याला बनवलेली, १०८९ सीसीची, गिअरचा दांडा स्टिअरिंगलाच. हीच गाडी सत्तरच्या दशकात नाव बदलून पद्मिनी झाली आणि काळा-पिवळा रंग लावून मुंबईभर धावली. २०२३ च्या ऑक्टोबरअखेर मुंबईतल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची मुदत संपली, तेव्हा आप्पांनी त्या दिवशी दाढी केली नाही. कुणी कारण विचारलं नाही. विचारलं असतं तर ऐकावं लागलं असतं, हे गल्लीला माहीत आहे.

या फियाटचा रविवार ठरलेला. सकाळी बॉनेट उघडायचं. डिस्ट्रिब्युटरची टोपी काढून पॉइंट काचपेपरनं घासायचे. प्लग काढून पुसायचे, त्यांची गॅप हॅक्सॉच्या ब्लेडनं तपासायची. गॅप मोजायची खास पट्टी बाजारात मिळते, पण ती आप्पांना चालत नाही, कारण ती बनवणाऱ्याला ते ओळखत नाहीत. मग चोक ओढायचा, आणि इंजिन सुरू झालं की डोळे मिटून उभं राहायचं. हे ऐकणं दहा मिनिटं चालतं. त्या वेळात काकूंनी मिक्सर लावायचा नाही, कुत्र्यानं भुंकायचं नाही आणि शेजाऱ्यांनी भांडण असेल तर ते थांबवून ठेवायचं, असा अलिखित नियम आहे. आप्पांचा कान मात्र खरा. रस्त्यानं जाणाऱ्या अनोळखी मोटरसायकलवाल्याला हाताच्या इशाऱ्यानं थांबवून, "टॅपेट सैल झाल्यात, आजच आवळून घे," असं त्यांनी सांगितल्याचं मी पाहिलं आहे. तो पोरगा घाबरून दुसऱ्या दिवशी गॅरेजला गेला. टॅपेट सैल झालेले होते.

त्या पिढीच्या सगळ्याच गाड्यांचा स्वभाव आप्पांना पाठ. घाटात चढताना उन्हानं तापल्या की पेट्रोलची पंपातच वाफ व्हायची आणि गाडी जागच्या जागी बसायची. उपाय, पंपावर ओलं फडकं. रेडिएटर ठिबकायला लागला तर त्यात चिमूटभर हळद. पेट्रोलची टाकी पाझरायला लागली तर भेगेवर कपड्याचा साबण घासायचा. थोडक्यात, दुरुस्तीचं निम्मं सामान डिकीत आणि निम्मं काकूंच्या स्वयंपाकघरात. काकूंचं एकच म्हणणं, "हळद गाडीला घाला, पण माझ्या मसाल्याच्या डब्यातली नको."

या सगळ्यातून आप्पांचं तत्त्वज्ञान तयार झालेलं आहे. त्यासाठी ते ऐकणाऱ्याला फियाटच्या मडगार्डला टेकून उभं करतात.

"मशीन मराय आधी बोलतंय बघ. बेरिंग जायच्या आधी म्हैनाभर गुणगुणतंय. क्लचप्लेट जायच्या आधी वास सोडतीया. ब्रेक जायच्या आधी पेडल खाली बसाय लागतंय. म्हंजे माणसाला टाइम देतंय ते. कॉम्प्युटर काय करतोय? आत्ता हाय, आत्ता न्हाई. अरं, पावणा तरी उठताना 'येतो' म्हणतोय!"

मी म्हटलं, "आप्पा, आताच्या गाडीत पण दिवा लागतो की. इंजिनाचं चित्र असलेला, पिवळा."

"लागतोय की. काय झालंय ते सांगतोय का? सर्व्हिस सेंटरला या म्हणतोय. डॉक्टर न्हवं त्यो, एजंट हाय."

आणि देवाची करणी अशी, की त्यानंतर थोड्याच दिवसांत माझ्या गाडीत तो पिवळा दिवा लागला. गाडी छान चालत होती, पण दिवा हटेना. मी सर्व्हिस सेंटरला फोन लावणार, तेवढ्यात आप्पा पाना घेऊन दारात. त्यांनी बॉनेट उघडलं आणि त्यांचा चेहरा पडला. इंजिन दिसतच नव्हतं. वर काळं प्लॅस्टिकचं झाकण, त्यावर कंपनीचं नाव. आप्पांनी झाकण उपटलं. खाली नळ्या, तारांचे जुडगे, आणि पाना लागेल असं दर्शनी काही नाही. "हे इंजिन न्हवं, टीव्हीची पाठ हाय," असं म्हणत ते हात फिरवत गेले आणि बॅटरीपाशी येऊन थबकले. टर्मिनलचा नट दहाचा होता.

एवढा आनंद मी त्यांच्या चेहऱ्यावर मुलाच्या लग्नातही पाहिला नव्हता. त्यांनी नट सैल केला, तार बाजूला केली, शांतपणे तंबाखू मळली, खाल्ली, आणि तार परत जोडली. गाडी सुरू केली तर पिवळा दिवा गेलेला! घड्याळ बारावर गेलं होतं आणि रेडिओची सगळी स्टेशनं पुसली गेली होती, पण ती किंमत आप्पांना मामुली वाटली. "एवढा कॉम्प्युटर कॉम्प्युटर म्हणता, त्याचं नरडं दहाच्या पान्यात हाय," असं ते पुढचा आठवडाभर चौकात सांगत होते.

आठवड्यानं दिवा परत लागला. नट फिरवून गाडीच्या आठवणी पुसल्या होत्या, दुखणं तिथंच होतं. शेवटी उद्यमनगरातलाच एक तरुण मेकॅनिक मोबाइलला जोडायचा स्कॅनर घेऊन आला. स्टिअरिंगच्या खाली असलेल्या खाचेत त्यानं तो खोचला आणि मोबाइलवर कोड आला, पी०४२०.

"किती?" आप्पांनी विचारलं.

"चारशेवीस."

आप्पा मडगार्ड धरून हसले. "बघ! मी बोललो तर खोटं वाटतंय. गाडी सोताच्या तोंडानं कबूल करतीया!"

तो तरुण बिचारा समजावत राहिला की हा कोड जगभर सगळ्या गाड्यांना सारखाच आहे, सायलेन्सरच्या नळीत धूर शुद्ध करणारा जो कन्व्हर्टर असतो त्याचं काम कमी पडतंय एवढाच त्याचा अर्थ. मीही म्हटलं, की १ जुलै २०२४ पासून जुनी दंड संहिताच गेली, फसवणुकीचं कलम आता न्याय संहितेत ३१८ आहे. आप्पा म्हणाले, "कलम बदललं म्हणून चोर बदलतोय व्हय?"

तरुण मेकॅनिकनं मात्र हट्ट सोडला नाही. पोरगा आयटीआयचा, आणि आप्पांना घाबरणाऱ्यांतला नव्हता. त्यानं सांगितलं, की पेट्रोल पुरतं जळायला एक भाग पेट्रोलला वजनानं साधारण १४.७ भाग हवा लागते, आणि हा कन्व्हर्टर नीट चालायचा तर मिश्रण त्या आकड्याच्या अगदी आसपास धरून ठेवावं लागतं. घाट असो, थंडी असो, एसी चालू असो. नळीतला ऑक्सिजन सेन्सर सारखा वास घेतो आणि कॉम्प्युटर पेट्रोल कमी-जास्त करतो. कार्बोरेटरला हे जमेना, म्हणून तो गेला. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आल्यावर तर त्याचं नावच उरलं नाही. "आप्पा, तुमचा कान भारी हाय. पण कान धूर हुंगत न्हाई."

आप्पा गप्प झाले. हे मुद्दाम नोंदवायला हवं, कारण असं क्वचित होतं. मग म्हणाले, "पोरगं हुशार हाय. वाया चाललंय मोबाइलात."

आप्पांकडे कात्रणांची एक फाइल आहे. कॉम्प्युटरच्या गाड्यांविरुद्धचा तो सरकारी वकिलाचा दस्तऐवज. पहिलं कात्रण सप्टेंबर २०१५ चं, फोक्सवॅगनचं. डिझेल गाड्यांच्या सॉफ्टवेअरला कळायचं की आपली तपासणी चालू आहे. तेवढ्या वेळापुरता धूर सभ्य, आणि रस्त्यावर आलं की मूळ पदावर. जगभरात एक कोटी दहा लाख गाड्या अशा निघाल्या. पुण्याच्या एआरएआयनं आपल्याकडच्या गाड्या तपासल्यावर भारतातही सव्वातीन लाखांच्या आसपास गाड्या परत बोलवायचं कंपनीनं जाहीर केलं. "कार्बोरेटर असलं करतोय काय?" आप्पा विचारतात. "काळा धूर सोडायचा असला तर इन्स्पेक्टरच्या तोंडावर सोडतोय. भिडभाड न्हाई."

दुसरं कात्रण त्याच वर्षीच्या जुलैचं. अमेरिकेत दोन संशोधकांनी घरी सोफ्यावर बसून, हायवेवर धावणाऱ्या जीपचा ताबा इंटरनेटवरून घेतला. आधी एसी, मग रेडिओ, मग वायपर, आणि शेवटी गाडीची ताकदच काढून घेतली. आत पत्रकार बसलेला होता, त्याच्या संमतीनं. पुढं कंपनीला चौदा लाख गाड्या दुरुस्तीला बोलवाव्या लागल्या. या कात्रणावर आप्पांची टीप अशी, की "माझी गाडी चालू कराय मलाच अर्धा तास लागतोय. चोरट्याला सोफ्यावर बसून काय जमणार?"

तिसरं कात्रण टोयोटाचं, आणि ते अर्धं फाडलेलं आहे. २००९-१० मध्ये अमेरिकेत तक्रारी आल्या, की गाड्या आपोआप वेग घेतात. लाखो गाड्या परत बोलवल्या गेल्या. इथपर्यंतचा कागद फाइलला आहे. खालचा भाग आप्पांच्या मुलानं त्यांना वाचून दाखवला. थेट नासाच्या इंजिनिअरांना चौकशीला बसवलं होतं, आणि २०११ च्या अहवालात असा वेग घ्यायला लावणारा इलेक्ट्रॉनिक दोष त्यांना सापडला नाही. सापडलं ते अडकणारं पेडल आणि पायाखाली सरकणारी मॅट. चंद्रावर माणूस पाठवणाऱ्यांनी तपास केला आणि गुन्हेगार पायपुसणं निघालं. आप्पांचा आठवडा वाईट गेला. मग त्यांनी कुणाकडून तरी शोधून काढलं, की २०१३ मध्ये ओक्लाहोमाच्या ज्युरीनं एका खटल्यात टोयोटाच्या विरुद्ध कौल दिला आणि त्यात तज्ज्ञानं सॉफ्टवेअरमधल्या चुकांवर साक्ष दिली होती. ते कात्रण फाइलमध्ये लागलं. पूर्ण लागलं, न फाडता.

आता कुणी म्हणेल, एवढा अविश्वास आहे तर माणूस सगळीकडे तसा वागत असेल. अजिबात नाही. आप्पा मुलाकडून दिल्ली बघायला गेले ते एअरबस ३२० मधून, खिडकीशेजारी, घोरत. १९८८ पासून प्रवासी नेणाऱ्या या विमानात पायलटच्या हातातली काडी थेट पंखांना जोडलेलीच नसते. ती कॉम्प्युटरला सांगते आणि कॉम्प्युटर पंखांना. परत आल्यावर मी हे त्यांना सांगितलं. क्षणभरच विचार केला त्यांनी. "तिथं पायलट दोन असत्यात. हिकडं चुकला तर तिकडचा हाय. मोटारीत कोण हाय? तुझी काकू. ती आधीच वरडत असतीया." कोल्हापूरहून छोटं एटीआर विमान उडतं आणि त्यात चालकाच्या हातापासून पंखांच्या पट्ट्यांपर्यंत अजून तारा ओढलेल्या असतात, हे कळल्यावर मात्र त्यांनी असा चेहरा केला, की ते विमान उद्यमनगरातच ओतलं असावं.

ब्रेकचंही तसंच. आप्पांच्या गाडीला चारी चाकांना ड्रम ब्रेक. निसरड्यावर एकदम दाबले की चाकं जाम होऊन गाडी घसरणार. म्हणून आप्पा दाबतात-सोडतात, दाबतात-सोडतात. "ह्यो माझा एबीएस," असं म्हणून ते उजव्या पायावर थाप मारतात. एबीएस हेच सेकंदाला दहा-पंधरा वेळा करतो आणि शिवाय चारांतलं जे चाक जाम होतंय तेवढंच सोडतो. आप्पांच्या पायाला पेडल एकच. हे त्यांना सांगितलं की ते पाय मांडीवर घेऊन चोळायला लागतात आणि विषय गुडघेदुखीवर जातो.

एकदा मी आकडे काढले. केंद्र सरकारच्या अहवालाप्रमाणे २०२२ या एका वर्षात आपल्या देशात रस्त्यावर १,६८,४९१ माणसं गेली, आणि सत्तर टक्क्यांच्या आसपास मृत्यूंच्या खात्यावर कारण लिहिलंय अतिवेग. "म्हणजे आप्पा, गुन्हेगार माणसाचा पाय आहे. कॉम्प्युटर नाही."

"म्हणूनच," आप्पा म्हणाले, "माझी गाडी साठाच्या वर जात न्हाई."

याला उत्तर नाही. फियाटला सीटबेल्ट नाही, एअरबॅग नाही, पुढून धडक बसली तर मुडपून मार झेलणारा पत्रा नाही. उलट "आपटली तर आपल्या गाडीला वरखडा, समोरच्याचा चुराडा," हे आप्पा अभिमानानं सांगतात. गाडीनं मार खाल्ला नाही तर तो आत बसलेल्याला खावा लागतो, हा नियम त्यांना लेथच्या अनुभवानं कळायला हवा. कळतोही, पण बोलून दाखवला तर फियाट ऐकेल अशी भीती असावी.

आप्पांच्या खऱ्या दुःखाकडे आता यायला हवं. त्यांचा मुलगा पुण्यात असतो आणि हिंजवडीत बसून मोटारींच्या ब्रेकचं सॉफ्टवेअर लिहितो.

हे पहिल्यांदा कळलं तेव्हा आप्पांनी दोनदा विचारून घेतलं. "ब्रेक बनवतोस?" "नाही आप्पा, लिहितो." ब्रेक लिहायचा असतो, ही कल्पना पचायला त्यांना एक दिवाळी आणि एक गणपती लागला. पण कॉम्प्युटरवरचा त्यांचा अविश्वास पक्का झाला तो त्या दिवसापासून, कारण आता कॉम्प्युटरच्या आत कोण आहे ते त्यांना कळलं होतं. "आंघोळ करून आलं की वल्ला टॉवेल गादीवर टाकतंय. पंचवीस वर्सं सांगतोय, दोरीवर टाक. ते पोरगं लोकांचं ब्रेक लिहितंय! आन् तुम्ही म्हणता इस्वास ठेवा!" जगातल्या बाकीच्यांचा अविश्वास अज्ञानातून आलेला असतो. आप्पांचा माहितीतून आलेला होता.

या बाजूला आप्पा आणि त्या बाजूला, अगदी विरुद्ध टोकाला, पलीकडच्या गल्लीतले साहेब. त्यांनी आपोआप लेनमध्ये राहणारी, पुढं गाडी आली की आपोआप ब्रेक लावणारी नवी गाडी घेतली. पुण्याच्या रस्त्यावर स्टिअरिंग सोडून चहा पितात. हात काढला की गाडी ओरडते, म्हणून स्टिअरिंगला पाण्याची बाटली अडकवायची युक्ती ते कुठल्याशा व्हिडिओतून शिकले आहेत. आता आमच्याकडे हायवेचं रुंदीकरण वर्षानुवर्षं चाललेलं. कुठं पांढरा पट्टा आहे, कुठं नाही, कुठं जुना नि नवा दोन्ही आहेत, आणि मध्येच वळवलेला रस्ता. गाडी बिचारी पट्टा सापडला नाही की स्क्रीनवर तसं दाखवते आणि सूत्रं परत देते. घ्यायला तिकडं हात नसतात, बाटली असते. आप्पा त्यांच्याबरोबर एकदाच साताऱ्यापर्यंत गेले. उतरल्यावर म्हणाले, "गाडी शहाणी हाय. पट्टा न्हाई म्हणून सांगत हुती. मालकच ऐकंना."

कॉम्प्युटरच्या गाडीबद्दल त्यांच्या तोंडून निघालेलं हे पहिलं चांगलं वाक्य.

मुलगा त्या दिवाळीला आला तेव्हा आप्पांनी त्याला फराळाच्या ताटावरच धरलं. "तुझं ते ब्रेक मला खोलून दाखव."

"आप्पा, ते खोलायचं नसतं, वाचायचं असतं. आणि ऑफिसचं बाहेर दाखवता येत नाही."

"बरं. मग दुसरं कायतरी सांग, जे सगळ्यांस्नी ठावं हाय."

मुलानं चिवड्याची वाटी पुढं ओढली आणि एक्सलरेटरचं पेडल समजावलं. पूर्वी पेडलपासून कार्बोरेटरपर्यंत तार असायची. आता तार नाही. पेडल किती दाबलंय ते सेन्सर मोजतो आणि कॉम्प्युटरला कळवतो.

"आन् सेन्सर खोटं बोलला तर?"

"म्हणून सेन्सर दोन असतात. दोघांचं माप मुद्दाम वेगळं ठेवतात. एक जेवढे व्होल्ट सांगतो, दुसरा त्याच्या निम्मे सांगतो, अशा पद्धतीनं. तारा एकमेकींना चिकटल्या किंवा एक सेन्सर बिघडला, तर हिशेब जुळत नाही. जुळला नाही की कॉम्प्युटर दोघांवरही विश्वास ठेवत नाही. वेग आवरतो, दिवा लावतो आणि हळूहळू घरी जा म्हणतो."

आप्पांच्या हातातली चकली तशीच राहिली. "दोन साक्षीदार? वायलं वायलं उभं करून?"

"हो."

"आन् कॉम्प्युटर बिघडला तर?"

"त्याच्यावर लक्ष ठेवायला वेगळी यंत्रणा असते. ठरलेल्या वेळेत त्यानं हजेरी दिली नाही, तर ती त्याला बंद करून परत सुरू करते. आप्पा, ह्याचं जगात एक स्टँडर्डच आहे, २०११ साली आलेलं. काय बिघडलं तर माणूस मरेल, याचा आधी विचार करायचा आणि मग लिहायला बसायचं. धोक्याप्रमाणे ए, बी, सी, डी अशा पायऱ्या असतात. ब्रेकचं काम 'डी'त येतं."

"आमच्या वक्ताला 'डी' म्हंजे नापास."

"इथं 'डी' म्हणजे सगळ्यात कडक. एकानं लिहिलेलं दुसरा तपासतो, मग तिसरा मुद्दाम बिघडवून बघतो. कुणी कुणावर विश्वास ठेवायचा नाही, हाच आमचा पगार."

आप्पा बराच वेळ काही बोलले नाहीत. त्यांना आयुष्यभर वाटत आलं होतं, की कॉम्प्युटरच्या गाड्या बनवणारे लोक भाबडे आहेत आणि जगात संशयी माणूस आपण एकटेच. आता कळलं, की त्या कचेऱ्यांतून सगळे आप्पाच बसलेले आहेत. वीस-वीस, पंचवीस-पंचवीस, एकेका मजल्यावर. सकाळी नऊला येतात, एकमेकांवर संशय घेतात, संध्याकाळी घरी जातात. भाबडा आहे तो गिऱ्हाईक, बाटली अडकवून चहा पिणारा. आणि अडुसष्ट सालची फियाट असो की आजची गाडी, जीव वाचवतो तो वेळेवर घेतलेला संशयच. आप्पा तो दर रविवारी काचपेपरनं घासून ताजा ठेवतात, त्यांचा मुलगा तो लिहून गाडीत भरतो.

"टॉवेलाचं काय?" आप्पांनी शेवटचा प्रश्न विचारला.

"टॉवेल 'डी'त येत नाही, आप्पा."

तेव्हापासून आप्पांनी नवी गाडी घेतली म्हणाल, तर नाही. फियाट आहे, रविवार आहे, काचपेपर आहे. तिचं सरकारी आयुष्य संपून किती वर्षं झाली, तरी पर्यावरण कर भरून तिला ठेवलं आहे. पण आता शनिवारी रात्री पुण्याला फोन जातो. आप्पा दिवसभर फियाटच्या मडगार्डला टेकून अडचणी रचतात आणि रात्री मुलाला घालतात. पुरात बसलेल्या गाडीचा सेन्सर काय सांगेल? उंदरानं तार कुरतडली तर? पंचगंगेच्या पुलावर धुकं, आणि पुढून दिवे न लावलेली उसाची बैलगाडी, तर? मुलगा म्हणतो त्यातले बरेच प्रश्न कुणीतरी आधीच विचारलेले असतात. पण उंदराचा प्रश्न त्यानं वहीत लिहून घेतला, आणि आप्पांनी ती बातमी गल्लीभर दिली. मुलाच्या ऑफिसात आपली हजेरी लावायला सांगितली, पगाराचंही विचारून झालं.

परवाचा फोन मी त्यांच्या ओट्यावर बसून ऐकला. आप्पांनी तो स्पीकरवर ठेवला होता, कारण साक्षीदार दोन लागतात.

"ऐक. गाडी रिव्हर्सला घातलीय. मागच्या कॅमेऱ्यावर चिखल बसलाय. सेन्सरवर कुणीतरी पोतं टाकलंय. आन् मागं म्हैस हाय. आता तुझा कॉम्प्युटर काय करणार?"

पलीकडून मुलगा म्हणाला, "काही नाही करणार आप्पा. नीट लिहिलेला असेल तर स्क्रीनवर सांगणार, की मला दिसत नाही, तुम्ही उतरून बघा."

आप्पांनी माझ्याकडे पाहिलं आणि मांडीवर थाप मारली. "हां! आता बोललास! दिसत न्हाई तर दिसत न्हाई म्हणायचं. एवढं कबूल करतंय म्हंजे जातिवंत हाय ते. आमच्या पेठेत एवढं कबूल करणारी माणसं किती हायत, सांग बरं."

आतून काकूंचा आवाज आला. "अवं, त्या कॉम्प्युटरची किंमत इचारा त्याला. एक घरात बसवून घेऊ, तुमच्या शेजारी."